म्हणे, फोन महाग होता तेव्हा माया होती!

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या घरी एक साखरपुडा झाला. जेवणं उरकली, पानं फिरली आणि मग आमच्याकडे नेहमी होतं तसं झालं. जो तो आपापला मोबाइल काढून दुसऱ्याला काहीतरी दाखवू लागला. न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या पुतण्याने एक चित्र दाखवलं. पिवळ्या रंगाचं एसटीडी-आयएसडी-पीसीओचं खोपटं, आत काचेमागे एक बाई रिसीव्हर कानाला लावून उभी, आणि खाली अशा आशयाचा मजकूर की तेव्हा बोलणं महाग होतं म्हणून माणसं मोलाची होती, आता बोलणं फुकट झालं आणि माणसंही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका वहिनींनी डोळे पुसले. "काकू, खरंय की नाही?" असं पुतण्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "नाही रे बाबा, खरं नाही." लग्नघरात वाद नको म्हणून तिथे एवढ्यावरच थांबले. पण मनातून ते जाईना, म्हणून आज टंकायला बसले आहे. त्याला राग आला तर येवो. लहानपणी त्याला पाढे मी शिकवले आहेत, तेवढा हक्क माझा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. परदेशी फोन महाग होता ही काही गोड आठवण नव्हे. ती एक अडवणूक होती, आणि तीही गरिबाची जास्त. ती निसर्गाने आलेली नव्हती. काही वर्षं तरी ती कुणीतरी जाणूनबुजून चालू ठेवली होती. आणि आज आपण जे इंटरनेटवरून स्वस्तात बोलतो ते कुणी आपल्याला मायेपोटी दिलेलं नाही, ते काढून घेण्याची इच्छा असलेली मंडळी अजूनही आहेत. म्हणून त्या पिवळ्या खोपट्याला उगाच हार घालू नका.

त्या चित्रातल्यासारखी एक बाई मी पाहिली आहे, म्हणून हे बोलते आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवत होते. त्या बाजूच्या गावांतले कितीतरी पुरुष आखातात कामाला. कुणी कुवेतला, कुणी दुबईला, कुणी सौदीला. गावात बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. पत्र आलं की बायका शाळा सुटल्यावर माझ्याकडे यायच्या. मी वाचून दाखवायची आणि त्या सांगतील तसं उत्तर लिहून द्यायची. "बाई, लिहा, इथं सगळं ठीक आहे," हे प्रत्येक पत्रातलं पहिलं वाक्य. कौलं गळत असोत नाहीतर सासू अंथरुणाला खिळलेली असो, इथं सगळं ठीकच असायचं.

त्यांच्यातल्या एकीची मुलगी माझ्या वर्गात होती. १९९३ सालची गोष्ट. या बाईला छातीत गाठ लागली. तिने ते फक्त मला सांगितलं. मी म्हटलं, नवऱ्याला कळव, मुंबईला जाऊन दाखवायला हवं. पण कळवणार कसं? पत्र मी लिहिलं असतं. पण तिकडे नवऱ्यालाही वाचता येत नव्हतं. एका खोलीत आठ-दहा जण राहायचे आणि त्यांतला कुणीतरी सगळ्यांची पत्रं मोठ्याने वाचून दाखवायचा. बाईमाणसाचं असलं दुखणं आठ पुरुषांत वाचलं जाणार, या कल्पनेनेच ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. पत्रांच्या त्या हळव्या जगाबद्दल आपण शिकलेली माणसं फार बोलतो. ज्याला स्वतः लिहिता-वाचता येतं त्याच्यासाठी पत्र ही खासगी गोष्ट होती. तिच्यासाठी ते चव्हाट्यावरचं बोलणं होतं. खासगी बोलायचं तर एकच साधन, फोन.

मग आम्ही दोघी बाजारातल्या बूथवर गेलो. रात्रीची वेळ धरली, कारण तेव्हा दर उतरायचा. तिकडच्या दुकानदाराच्या नंबरावर नवऱ्याला बोलावून ठेवलं होतं. तिच्या रुमालाच्या गाठीत शंभराची एक नोट आणि काही सुटे होते. तिने मला बजावलं होतं, शंभरावर आकडा गेला की काचेवर टकटक करा. त्या यंत्रावरचे लाल आकडे कसे पळायचे ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको. दोन मिनिटं व्हायच्या आत मला टकटक करावी लागली.

बाहेर आली. मी विचारलं, "सांगितलंस?" तिने मान हलवली. म्हणाली, "नाही बाई. सांगितलं असतं तर तो रडायला लागला असता. मीटर थांबलं असतं का?"

दोन मिनिटांत तिने काय सांगितलं? मुलीची फी भरली, पावसाने पडवी गेली, पैसे पोचले. आणि इथं सगळं ठीक आहे.

पुढे तिचा दीर सुट्टीवर आला, तो परत जाताना निरोप घेऊन गेला. मग पैसे आले, मग मुंबईला ऑपरेशन झालं. तोवर चार महिने गेले होते. त्यानंतर ती तीन वर्षं होती. फोनच्या दराने तिला मारलं असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नव्हे. पण ते चार महिने कुठे गेले ते मला ठाऊक आहे. त्यामुळे "तेव्हा दोन मिनिटांत मन भरायचं" असं कुणी म्हणालं की मला तिची मान हललेली दिसते.

बरं, आता तो दर इतका का होता ते पाहू. मला स्वतःला हे फार उशिरा कळलं. निवृत्तीनंतर भाच्याने संगणक शिकवला, त्यानंतर हळूहळू वाचत गेले.

सुरुवातीला महागाईला कारण होतं, हे मान्य केलं पाहिजे. परदेशी बोलायचं तर वाटाच थोड्या. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ आर्वीला १९७१ साली उपग्रहाशी बोलणारं भूकेंद्र सुरू झालं, ती मोठी तबकडी पुष्कळांनी पाहिली असेल. तो उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. म्हणून जुन्या फोनवर दोघेही एकदम बोलायचे आणि दोघेही एकदम गप्प व्हायचे. आणि जुन्या पद्धतीत तुमचा फोन लागला की तेवढा वेळ पूर्ण वाट तुमच्या नावाने अडवलेली असायची. तुम्ही बोला, रडा नाहीतर गप्प बसा, वाट अडलीच. एसटीची आख्खी गाडी एका माणसाने भाड्याने घेतल्यासारखं. भाडं जास्त पडणारच.

इंटरनेटवरून बोलण्यात हा हिशोबच बदलतो. तुमच्या आवाजाचे आकडे होतात, त्यांचे बारीक बारीक तुकडे पडतात, साधारण सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहिलेला. हे तुकडे मग इतरांच्या तुकड्यांबरोबर, कुणाच्या फोटोबरोबर, कुणाच्या सिनेमाबरोबर, एकाच तारेतून जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. म्हणजे वडाप! सगळ्यांनी मिळून गाडी भरायची आणि भाडं वाटून घ्यायचं. आपल्याकडे वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या अनेक तारा येऊन मिळतात. त्या तारेला हे तुकडे गोव्याला चालले आहेत की शिकागोला, याने काही फरक पडत नाही. तासभर नुसतं बोललं तर साधारण वीस ते चाळीस एमबी खर्च होतात. नातवंडं एका सिनेमात त्याच्या कितीतरी पट उडवतात.

ही युक्ती कधी आली? १९९५ च्या फेब्रुवारीत व्होकलटेक नावाच्या इस्रायली कंपनीने संगणकावरून बोलण्याचा कार्यक्रम विकायला काढला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वर्षी आल्या. मग आपल्याकडे इंटरनेटवरून बोलायला परवानगी कधी मिळाली? १ एप्रिल २००२! मधली सात वर्षं ते बेकायदा होतं. इंटरनेट वापरा, पत्रं पाठवा, पण त्यावर बोलाल तर खबरदार.

आता हा योगायोग बघा. परदेशी फोनचा मक्ता एकट्या व्हीएसएनएलकडे होता, आणि तो मक्ता संपला ३१ मार्च २००२ ला. दुसऱ्याच दिवशी इंटरनेटवरचं बोलणं पवित्र झालं. ज्याच्या हातात महाग फोनचं दुकान, त्याच्याच हातात इंटरनेटचं दार. दुकानदार स्वतःच्या दुकानासमोर स्वस्त माल कशाला लावू देईल?

त्या वेळी अमेरिकेला बोलायचा दर मिनिटाला साठ रुपयांच्या वर होता. आणि तिकडून इकडे फोन केला तरी सुटका नव्हती. तिकडची कंपनी प्रत्येक मिनिटामागे इकडच्या कंपनीला पैसे मोजायची, ते अर्थातच तिकडच्या माणसाच्या बिलात यायचे. तिकडून येणारे फोन जास्त, इकडून जाणारे कमी, म्हणून डॉलर आपल्याकडे यायचे. अमेरिकेच्या एफसीसीने १९९७ साली हे दर उतरवण्याचा आदेश काढला. कुणा आईला बरं वाटावं म्हणून नव्हे, आपल्या लोकांचे पैसे बाहेर जातात म्हणून. पण काढला.

यावर एक जुने परिचित, खात्यातून निवृत्त झालेले, मला नेहमी सुनावतात. "बाई, त्या पैशातून तर गावोगाव टेलिफोन गेले. लोकल कॉल आणि भाडं स्वस्त राहिलं ते आयएसडी-एसटीडीच्या कमाईवर." हा मुद्दा खोटा नाही. पुढे २००३ ते २००८ पर्यंत तर त्यासाठी वेगळा आकारच होता, परदेशातून येणाऱ्या फोनवर तो मिनिटाला काही रुपये पडायचा. पण मी त्यांना विचारते, स्वस्त लोकल कॉल कोण करत होतं? ज्याच्या घरी फोन होता तो. १९९३ साली त्या गावात किती घरांत फोन होता? एका हाताची बोटं पुरली असती. म्हणजे जिच्या घरात फोनच नाही तिने बूथवर मिनिटाला पन्नास रुपये मोजायचे, आणि त्यातून शहरातल्या बंगल्यातल्या वहिनींनी मैत्रिणीशी तासभर स्वस्तात गप्पा मारायच्या. याला गरिबांसाठीची योजना म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

माणसांनी मात्र आपापल्या वाटा काढल्या. तिकडे पोचलं की दोन रिंग द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. एक रिंग म्हणजे पैसे पाठवले, तीन म्हणजे उद्या बूथवर ये. मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत ना! काहींनी कॉलिंग कार्डं घेतली. माझ्या बहिणीच्या मुलाने एकदा पाच डॉलरचं कार्ड घेतलं होतं. त्यावर लिहिली होती त्याच्या निम्मी मिनिटंही भरली नाहीत, फोन जोडण्याचेच वेगळे पैसे कापले. माणसांना बोलायचं असतं हे या सगळ्या उपद्व्यापांवरून कळतं. मोल कळायला महागाई लागत नाही.

मग २००३ च्या ऑगस्टमध्ये स्काइप आलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी आजी-आजोबांनी माउस हातात धरला तो स्काइपसाठी. पण आपल्याकडच्या नियमांची गंमत ऐका. २००२ च्या परवानगीत असं होतं की भारतातल्या संगणकावरून अमेरिकेतल्या साध्या फोनवर बोललं तर चालेल, पण भारतातल्याच साध्या फोनवर बोललं तर चालणार नाही. १० नोव्हेंबर २०१४ पासून तर स्काइपने भारतातून भारतातल्या फोनवर जाणारे कॉल बंदच केले. म्हणजे लंडनचा मुलगा स्काइपवरून पुण्याच्या आजीच्या लँडलाइनवर बोलू शकतो, पण पुण्यातली नात नाही. ही गाठ सुटायला २०१८ साल उजाडलं. त्या वर्षी नियम बदलले आणि बीएसएनएलने 'विंग्स' नावाची सोय काढली.

एवढं सगळं सांगून तुम्ही म्हणाल, काकू, झालं ना मग आता? व्हॉट्सॲपवर २०१५ पासून आवाज आहे, २०१६ पासून चेहरा आहे, जिओ आल्यापासून डेटा स्वस्त आहे. आता कशाला जुनी मढी उकरता?

सांगते. कारण न्यू जर्सीचा फोन फुकट झाला, दुबईचा झाला नाही.

त्या बाईच्या मुलीचा मुलगा, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचा मुलगा, २०१८ साली दुबईला कामाला लागला. मी तिला म्हटलं, आता बरं झालं, रोज व्हिडिओवर बघशील. ती म्हणाली, "बाई, तिथं व्हॉट्सॲपचा फोन लागत नाही. नुसते मेसेज जातात." मला खरं वाटेना. पण तसंच होतं. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची सेवा फक्त परवाना असलेल्यांनी द्यायची, आणि परवाने दोन टेलिफोन कंपन्यांकडे. व्हॉट्सॲपवरचे फोन अडवलेले. स्काइपही त्याच सुमारास बंद झालं. २०१८ च्या जानेवारीत तिथे इंटरनेटवर बोलण्याचं वेगळं पॅकेज निघालं, मोबाइलवर महिन्याला ५० दिर्हम, ठरावीक ॲपवरूनच. तेव्हाच्या भावाने साडेआठशे रुपयांच्या वर. डेटाचे पैसे वेगळे. आणि आडवाटेने जावं तर २०१६ च्या कायद्यात खोट्या इंटरनेट पत्त्याआड गुन्हा करणाऱ्याला ५ लाख ते २० लाख दिर्हम दंड. मजूर माणूस तो आकडा ऐकूनच गप्प बसतो. सौदीने सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेट फोनवरची बंदी उठवल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा तिथल्या आपल्या लोकांना किती आनंद झाला असेल! कोविडच्या २०२० सालात अमिरातीनेही काही ॲपना सूट दिली, पुढे परवानगी असलेल्या ॲपची यादी वाढत गेली. पण दाराला कुलूप लावायचं की नाही हे ठरवणारा कुणी दुसराच राहिला.

मग माझ्या विद्यार्थिनीने आणि तिच्या मुलाने काय केलं? आवाजी निरोप. व्हॉट्सॲपवर तो रात्री बोलून ठेवायचा, ती सकाळी ऐकून उत्तर बोलून ठेवायची. मला ऐकवलं तिने एकदा. "आई, इथं सगळं ठीक आहे." तिसऱ्या पिढीत तेच वाक्य! फक्त दिशा बदलली.

आता आपल्या घरात या. २०१४ च्या डिसेंबरात एअरटेलने जाहीर केलं की इंटरनेटवरून बोलायला वापरलेल्या डेटाचा वेगळा दर लावू. लोक खवळले, काही दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. २०१५ साली ट्रायकडे दहा लाखांच्या आसपास विरोप गेले, त्यात माझाही एक होता, मोडक्या इंग्रजीत. त्याच वर्षी दूरसंचार खात्याच्या समितीने सुचवलं की परदेशी इंटरनेट फोनला मोकळीक असावी, पण देशातल्या देशात बोलायला परवाना लावावा. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या वेबसाइटसाठी वेगवेगळे डेटादर लावायला बंदी केली, म्हणून निभावलं. पण २०२३ साली पुन्हा ट्रायने चर्चेला कागद काढला, या बोलण्याच्या ॲपना परवाना लावावा का, काहींना निवडून बंद करता यावं का. टेलिफोन कंपन्यांची घोषणा ठरलेली, सारखी सेवा तर सारखे नियम.

ऐकायला बरं वाटतं. कंपन्या म्हणतात आम्ही सरकारला लहरींचे पैसे भरतो, परवान्याचे भरतो, आणि फायदा ॲपवाले खातात. पण अहो, तो डेटा मी विकतच घेते ना तुमच्याकडून? एसटीचं तिकीट काढून मी खिडकीत बसले आहे. आता शेजारणीशी मी काय बोलते, किती वेळ बोलते, यावर कंडक्टरने वेगळं तिकीट फाडायचं म्हणजे काय? गाडी मी फुकट वापरत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईच्या हल्ल्यात त्या नराधमांना पलीकडून सूचना मिळत होत्या त्या इंटरनेटच्या फोनमार्फत. अलीकडे 'डिजिटल अटक' म्हणून जी फसवणूक चालते तीही व्हिडिओ कॉलवरून. माझ्या वयाच्या किती जणांची पुंजी गेली. पण २००८ चं ते संभाषण आपल्या पोलिसांनी ऐकलं होतं, ध्वनिमुद्रित केलं होतं, हेही खरं आहे ना? आणि फसवणूक काय साध्या फोनवरून होत नव्हती? परदेशातून आलेला फोन भारतातल्या नंबराचा मुखवटा घालून यायचा, त्याला अडवणारी यंत्रणा २०२४ च्या ऑक्टोबरात आणावी लागली. चोराला पकडायचं तर चोराच्या मागे लागा. सगळ्या गावाच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली टेलिफोन कंपनीच्या हातात देणं, याला बंदोबस्त म्हणत नाहीत.

आणि फुकट सेवेवर विसंबून राहणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. मायक्रोसॉफ्टने २०११ साली साडेआठशे कोटी डॉलरला घेतलेलं, तरी बंद झालं. आपल्याला कुणी विचारलं नाही. ज्यांचे आई-वडील अजून साध्या लँडलाइनवर आहेत त्यांची कशी पंचाईत झाली ते मी दोन घरांत पाहिलं. म्हणून सगळी नाती एकाच ॲपवर टांगू नका. घरात दोन ॲप ठेवा, म्हाताऱ्यांना दोन्ही शिकवा, आणि महत्त्वाचे नंबर वहीत लिहून ठेवा. ट्रायने पुन्हा मतं मागवली की चार ओळी का होईना, लिहून पाठवा. मराठीत पाठवा. वाचायचं काम त्यांचं आहे.

राहता राहिला पुतण्याचा प्रश्न, की आता तासभर व्हिडिओ चालू असतो तरी कुणी काही बोलत नाही. अरे, नाही बोलत तर नाही! घरात आपण तासन्‌तास काय भाषणं करत असतो? मी पोळ्या लाटायची, तुझे काका पेपर वाचायचे, मध्येच कुणी एक वाक्य बोलायचं. सोबत म्हणजे तेच असतं. तिकडे तू भांडी विसळतोस, इकडे तुझी आई गवार मोडते, दोघांचे फोन ओट्यावर उभे. त्यात काही न बोलता गेलेली दहा मिनिटं ही जगातली सगळ्यात मोठी चैन आहे. गप्प बसण्याचे पैसे पडत नाहीत, रडण्याचे पडत नाहीत. त्या बूथमधल्या बाईला तेवढंच हवं होतं. गाठीबद्दल सांगायचं, मग नवऱ्याला पोटभर रडू द्यायचं, आणि तो शांत होईपर्यंत फोन धरून उभं राहायचं. पाच-सात मिनिटं लागली असती.

तेव्हा ते चित्र पुन्हा कुणी पाठवलं तर पुढे ढकलायच्या आधी काचेमागची बाई एकदा नीट बघा. तिची नजर यंत्रावरच्या आकड्यांवर आहे की नाही ते बघा.

असो. फार लांबलं. वर्गात असते तर घंटा झाली असती.

ता.क. – पुतण्याचा काल रात्री फोन आला होता, व्हिडिओवर. चाळीस मिनिटं भांडला माझ्याशी. दोघांचेही पैसे पडले नाहीत.